बॉडी नवी, काच जुनी: मिररलेसवर जुन्या लेन्सेस कशा चालतात

मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा, घ्यायचं पक्कं होत आलं की माणूस कपाट उघडून जुन्या लेन्सेसकडे बघतो आणि तिथेच अडतो. बॉडी काय, पाच-सहा वर्षांनी बदलतेच. लेन्सेस मात्र एकेक करून जमवलेल्या असतात. कुठली कुठल्या उजेडात कशी वागते, हे हाताला ठाऊक झालेलं असतं. अशा वेळी दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, सगळं विकून टाक आणि नव्या बॉडीला बसणारं नवं घे. दुसरा म्हणतो, मध्ये एक अडॅप्टर, म्हणजे जोडनळी, लाव, सगळं जसंच्या तसं चालतं. मी तीन वर्षांपूर्वी हा बदल केला, आणि माझ्या बाबतीत दोन्ही सल्ले लागू पडले नाहीत. बॉडी बदलणं आणि लेन्सेस बदलणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. पहिला एका दिवसात उरकतो. दुसरा एकेका लेन्सचा वेगळा घ्यावा लागतो, आणि तो नीट घ्यायचा तर आत काय चालतं हे थोडं समजून घ्यायला हवं.

सुरुवात आरशापासून करू. डीएसएलआरमध्ये, म्हणजे जुन्या धाटणीच्या डिजिटल कॅमेऱ्यात, लेन्स आणि फोटो टिपणारा सेन्सर यांच्यामध्ये एक तिरका आरसा असतो. लेन्समधून आलेला उजेड तो वर वळवतो, म्हणून व्ह्यूफाइंडरमध्ये आपल्याला समोरचं दृश्य दिसतं. बटण दाबलं की आरसा झटकन वर जातो, शटर उघडतं, फोटो निघतो आणि आरसा पुन्हा खाली येतो. एवढी हालचाल करायला त्याला जागा लागते. त्यामुळे लेन्स जिथे बसते ती धातूची कडी, म्हणजे माउंट, सेन्सरपासून बरीच पुढे ठेवावी लागते. निकॉनच्या एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिलिमीटर आहे, कॅननच्या ईएफमध्ये ४४. आरसा काढून टाकला की ही जागा मोकळी होते आणि माउंट मागे सरकवता येतं. कॅननच्या आरएफमध्ये ते सेन्सरपासून २० मिलिमीटरवर आहे, सोनीच्या ई माउंटमध्ये १८ आणि निकॉनच्या झेडमध्ये तर फक्त १६.

जुनी लेन्स मात्र सेन्सर ४६.५ मिलिमीटरवर आहे असं धरूनच घडवलेली आहे. तिला झेड बॉडीवर बसवायचं तर मधलं कमी पडलेलं अंतर भरून द्यायचं: ४६.५ वजा १६, म्हणजे ३०.५ मिलिमीटर. ईएफ लेन्स आरएफ बॉडीवर लावायची तर ४४ वजा २०, म्हणजे २४. अडॅप्टर म्हणजे नेमक्या या लांबीची नळी. आत काच नाही, काही नाही, नुसती हवा. म्हणून ‘अडॅप्टरने फोटोचा दर्जा उतरतो’ ही भीती बाळगायचं कारण नाही. उजेडाच्या वाटेत नवं काही आलेलंच नसतं. काच असलेले अडॅप्टरही मिळतात. ते लेन्सचं चित्र आक्रसून छोट्या सेन्सरवर आणतात आणि त्या बदल्यात जवळपास एक स्टॉप, म्हणजे दुपटीएवढा, उजेड वाढवून देतात. पण तो वेगळा प्रकार झाला, आणि फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मएवढा सेन्सर असलेली, बॉडी घेणाऱ्याला त्याची गरज पडत नाही.

उलटा प्रवास का होत नाही, हेही यातूनच कळतं. आरएफची लेन्स जुन्या ईएफ बॉडीवर लावायची तर ती २४ मिलिमीटर आत, थेट आरशाच्या जागेत घुसवावी लागेल. नळी लावून अंतर वाढवता येतं, कमी करता येत नाही.

या नळीची लांबी किती काटेकोर लागते, याची कल्पना मला नव्हती. माझ्याकडे जुनी २८ मिलिमीटरची एम४२ लेन्स आहे, म्हणजे माउंट चक्क आट्यांचं, बरणीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची. तिच्यासाठी मी स्वस्तातला अडॅप्टर घेतला. घरात काढलेले फोटो झकास आले. बाहेर जाऊन डोंगरांच्या रांगेचे काढले, तर एकही फोटो स्पष्ट नाही. फोकसची रिंग अनंताच्या, म्हणजे सगळ्यात दूरच्या, खुणेवर टेकलेली, आणि डोंगर तरी पुसट. लेन्सच बिघडली असं समजून मी ती दुरुस्तीला द्यायला निघाले होते. सहज म्हणून व्हर्नियर कॅलिपरने अडॅप्टर मोजला. एम४२चं अंतर ४५.४६ मिलिमीटर, त्यातून माझ्या झेड बॉडीचे १६ गेले की २९.४६ उरायला हवेत. माझा अडॅप्टर २९.६ भरला. फरक मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याएवढा! पण २८ मिलिमीटरच्या लेन्सला तेवढाच पुरतो. हिशोब सोपा आहे. फोकल लेंथचा, म्हणजे लेन्सच्या नावातल्या २८चा, वर्ग करायचा आणि त्याला जादा जाडीने भागायचं. ७८४ भागिले ०.१४ म्हणजे ५,६०० मिलिमीटर. माझी लेन्स साडेपाच मीटरच्या पुढे फोकस करूच शकत नव्हती. हाच अडॅप्टर १३५ मिलिमीटरच्या लेन्सला लावला असता तर मर्यादा १३० मीटरवर गेली असती आणि मला कदाचित पत्ताही लागला नसता.

म्हणून बरेच अडॅप्टर मुद्दाम केसभर कमी लांबीचे बनवतात. मग लेन्स अनंताच्या थोडी पुढे जाते, आणि डोंगर स्पष्ट दिसतात ते रिंग खुणेच्या जरा अलीकडे असताना. हे चालतं, फक्त रिंगवरच्या आकड्यांवर डोळे झाकून विसंबायचं नाही. अडॅप्टर हातात घेतल्यावर आणखी एक गोष्ट बघा. टॉर्च लावून नळीतून आरपार पाहा. आतली बाजू चकाकत असेल तर उन्हातल्या फोटोंवर पांढुरकी झाक येणार. आतून गर्द काळा आणि खाचा पाडलेला अडॅप्टर थोडा महाग पडला तरी तोच घ्यावा.

लांबीचा प्रश्न असा सुटतो. खरा गुंता यापुढे आहे. लेन्स आणि बॉडी एकमेकींशी बोलतात, आणि प्रत्येक घराण्याची बोली वेगळी. दोन गोष्टी त्यांना ठरवाव्या लागतात: अॅपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं छिद्र, किती उघडायचं आणि फोकस कोण फिरवणार. जुन्या लेन्सचं मिररलेसवर काय होईल, हे जवळजवळ पूर्णपणे या दोन प्रश्नांवर ठरतं.

कॅननवाल्यांचं काम सगळ्यात सोपं. १९८७मध्ये कॅननने ईएफ माउंट आणलं तेव्हा बॉडी आणि लेन्समधले यांत्रिक दुवे सगळे काढून टाकले. अॅपर्चर चालवणारी मोटर लेन्समध्ये, फोकसची मोटरही लेन्समध्ये, आणि मधलं बोलणं फक्त विजेच्या टोकांमधून. आधीच्या एफडी माउंटच्या लेन्सेस असलेले लोक त्या वेळी अक्षरशः वाऱ्यावर पडले. त्यांचा राग रास्तच होता. पण त्याच निर्णयामुळे आज ईएफ लेन्स आरएफ बॉडीवर बिनतक्रार चालते. कॅननच्या अडॅप्टरमध्ये मोकळ्या नळीशिवाय आहेत त्या निरोप पोचवणाऱ्या तारा, बस्स. ऑटोफोकस, अॅपर्चर, हाताची थरथर भरून काढणारं लेन्समधलं स्टॅबिलायझेशन, सगळं काम करतं. क्रॉप, म्हणजे छोट्या, सेन्सरसाठी बनलेल्या ईएफ-एस लेन्सेस कॅननच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतसुद्धा नव्हत्या. त्या या अडॅप्टरवर बसतात. मात्र बॉडी आपोआप फ्रेम कापते. ४५ मेगापिक्सेलच्या आर५वर हातात सुमारे १७ मेगापिक्सेल उरतात. चालण्यासारखं आहे. पण २० मेगापिक्सेलच्या आर६वर आठसुद्धा उरत नाहीत, आणि मग फुल फ्रेम घेतलाच कशाला असा प्रश्न पडतो.

निकॉनचं एफ माउंट १९५९चं. ते इतकी वर्षं टिकलं ही कौतुकाची गोष्ट आहे. पण त्यामुळे एकाच कडीवर चार पिढ्यांच्या लेन्सेस बसतात, आणि प्रत्येकीची सवय निराळी. इथे लेन्सच्या नावातली अक्षरं वाचावीच लागतात. एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलं असेल तर फोकसची मोटर लेन्समध्ये आहे, आणि निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर ऑटोफोकस चालतो. नुसतं एएफ किंवा एएफ-डी असेल तर लेन्सला स्वतःची मोटर नाही. जुन्या बॉडीच्या माउंटवर बारीक स्क्रू ड्रायव्हरसारखं एक टोक दिसतं. तेच लेन्समध्ये घुसून फोकस फिरवायचं. एफटीझेडमध्ये ते टोक नाही. अॅपर्चर चालतं, उजेडाचं मोजमाप होतं, फोटोसोबत लेन्सची माहिती नोंदली जाते, पण फोकस हाताने करायचा. असंख्य लोकांकडे असलेली ५० मिलिमीटर एफ/१.८डी ही लेन्स याच गटातली. ती घेऊन मिररलेसकडे जाणाऱ्याला हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून इतकं लिहिलं.

सोनीच्या जुन्या ए माउंटमध्येही स्क्रूवाल्या लेन्सेस आहेत. सोनीने २०२०मध्ये एलए-ईए५ अडॅप्टर काढला, त्यात मोटर बसवलेली आहे. पण स्क्रूवाला ऑटोफोकस काही ठरावीक बॉडींवरच मिळतो. तुमची बॉडी त्यात आहे का, हे पाहिल्याशिवाय अडॅप्टर घेऊ नका.

एका कंपनीची लेन्स दुसरीच्या बॉडीवर लावायची असेल तर अडॅप्टरमध्ये दुभाषा लागतो, म्हणजे एक छोटी चिप. ईएफ लेन्स सोनीवर चालवणारे असे अडॅप्टर चांगले आहेत, पण वेग आणि भरवसा लेन्सगणिक बदलतो. चिप नसलेला साधा अडॅप्टर घेतला तर फसगत होऊ शकते. ईएफ लेन्सचं अॅपर्चर विजेवर चालतं, त्यामुळे वीज मिळाली नाही की ते पूर्ण उघडं राहतं आणि बदलता येत नाही. निकॉनच्या अॅपर्चरची रिंग नसलेल्या जी लेन्सेसचं उलट: स्प्रिंगमुळे अॅपर्चर मिटलेलं राहतं. त्यांच्यासाठी अडॅप्टरवर वेगळी रिंग असते, पण तिच्यावर आकडे नसतात, अंदाजानेच फिरवायची. काही लेन्सेसचा तर हाताने करायचा फोकसही विजेवर असतो. कॅननची ८५ मिलिमीटर एफ/१.२एल तशी आहे. वीज नसेल तर रिंग नुसती गोल फिरते, आत काही हलत नाही.

आणि या सगळ्यात सुखी कोण, तर सगळ्यात जुन्या, पूर्ण हाताने चालणाऱ्या लेन्सेस. त्यांना बॉडीकडून काहीच नको असतं. रिंग फिरवली की अॅपर्चर बदलतं, दुसरी फिरवली की फोकस. एम४२, मिनोल्टा, पेंटॅक्स, ऑलिम्पस, वाटेल ती घ्या. योग्य लांबीची नळी मिळाली की झालं. कॅननच्या त्या एफडी लेन्सेससुद्धा इथे पुन्हा कामाला लागतात. मेनूमध्ये ‘लेन्स नसतानाही शटर चालू द्या’ अशा अर्थाचा पर्याय असेल तर तो मात्र सुरू करावा लागतो, कारण बॉडीच्या लेखी तिथे लेन्सच नसते.

हाताने फोकस म्हटल्यावर बरेच जण नाक मुरडतात, पण तो अनुभव डीएसएलआरचा असतो. ऑटोफोकसच्या जमान्यातल्या डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधला काचपडदा चित्र उजळ दाखवण्यासाठी बनलेला असतो. एफ/१.४एवढं मोठं अॅपर्चर असलेली लेन्स लावली तरी त्यावर फोकसची खोली खऱ्यापेक्षा जास्त दिसते, त्यामुळे डोळ्याला स्पष्ट वाटलेला फोटो प्रत्यक्षात चुकतो. मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये आपण सेन्सरने टिपलेलंच चित्र बघतो. माझी ५० एफ/१.८डी घेऊन एक मीटरवर बसलेल्या माणसाचा चेहरा काढताना फोकसमध्ये येणारी पट्टी जेमतेम चार सेंटीमीटरची असते. मी फोकसचा चौकोन डोळ्यावर नेते, चित्र मोठं करायचं बटण दाबते, आणि सगळा व्ह्यूफाइंडर त्या एका डोळ्याने भरून जातो. रिंग सावकाश फिरवली की आधी भुवईचे केस उठून येतात, मग पापण्या, मग बुबुळात खिडकीची चौकट दिसते. तिथे थांबायचं, श्वास रोखायचा आणि बटण दाबायचं. धावत्या मुलाचा फोटो असा निघणार नाही हे खरं. पण बसलेल्या माणसाचे इतके नेमके फोटो या लेन्सने मला आधी कधीच दिले नव्हते.

ज्यांचा ऑटोफोकस चालतो त्या लेन्सेसचंही भलं होतं. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो, आरशाखाली तळाशी बसवलेला. मुख्य आरशामागचा एक छोटा आरसा त्याच्याकडे उजेड पाठवतो. या वाटेची लांबी आणि सेन्सरपर्यंतच्या वाटेची लांबी अगदी सारखी हवी. जरा फरक पडला की लेन्स डोळ्याऐवजी कानावर फोकस करते, आणि आपण मेनूत शिरून प्रत्येक लेन्ससाठी अधिक-उणे आकडे भरत बसतो. मिररलेसमध्ये मोजमाप फोटो टिपणाऱ्या सेन्सरवरच होतं, त्यामुळे ही भानगडच मिटली. ‘माझी लेन्स सॉफ्ट आहे’, म्हणजे फोटो पुसट देते, असं म्हणणाऱ्यांनी ती विकण्याआधी एकदा मिररलेसवर लावून बघावी. दोष अनेकदा काचेत नसतो.

तिसरा लाभ बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनचा. ते असलेल्या बॉडीवर स्टॅबिलायझेशन नसलेली जुनी प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्सही, हात स्थिर केल्यासारखी वागते. पण हाताने चालणारी लेन्स आपली फोकल लेंथ बॉडीला सांगत नाही; ती मेनूत आपणच भरायची. आधीची २०० तशीच ठेवून ५० लावली तर सेन्सर गरजेपेक्षा जास्त हलतो आणि फोटो उलट हललेला येतो. मी ही चूक दोनदा केली. आता लेन्स बदलली की आधी तो आकडा बघते.

पदरचं काय जातं, तेही बघू. बॅटरी जाते, आणि चांगलीच. निकॉनचे डी८५० आणि झेड७ एकाच तोलाचे कॅमेरे, बॅटरीही जवळपास तीच. तरी प्रमाणित चाचणीत पहिल्याचे १,८४० फोटो आणि दुसऱ्याचे व्ह्यूफाइंडर वापरून ३३०. प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त निघतात, पण जादा बॅटरी लागतेच. तोल बिघडतो. हलक्या बॉडीपुढे अडॅप्टर आणि त्यापुढे जड झूम असली की सगळं नाकावर पडतं. डावा हात लेन्सखालीच हवा, आणि ट्रायपॉडवर लावायचं ते लेन्सच्या कॉलरने, म्हणजे तिच्याभोवतीच्या पायवाल्या कडीने. जुन्या मोटरांना नव्या बॉडीच्या बारीक बारीक आज्ञा झेपत नाहीत. पळत्या विषयामागे त्या अडखळतात, व्हिडिओत त्यांची घरघर ऐकू येते. हा दोष अडॅप्टरचा नाही, त्यामुळे महागडा अडॅप्टर घेऊन तो जाणार नाही.

मग आधी काय बदलावं? माझं मत स्पष्ट आहे: रुंद दृश्य टिपणारी वाइड आधी, दूरचं जवळ आणणारी टेली सगळ्यात शेवटी. कारण पुन्हा आरशातच आहे. वाइड लेन्सची मागची काच खरं तर सेन्सरजवळ असायला हवी, पण आरसा आडवा येत होता, म्हणून त्या लेन्सेस वाकड्या वाटेने, मोठमोठ्या काचा घालून बनवाव्या लागल्या. आरसा गेला आणि त्यांचं रूपच पालटलं. निकॉनची जुनी १४-२४ एफ/२.८ सुमारे एक किलोची होती, झेडची त्याच मापाची ६५० ग्रॅम आहे. टेली लेन्सला आरशाचा त्रास कधीच नव्हता. कॅननने २०२१मध्ये आरएफ ६०० एफ/४ काढली तेव्हा आतली काचेची रचना आधीच्या ईएफ लेन्सचीच ठेवली, मागची नळी तेवढी लांबवली. म्हणजे कंपनीनेच अडॅप्टर कायमचा जोडून दिल्यासारखं झालं. चांगली टेली हाताशी असेल आणि तिची मोटर चालत असेल, तर ती विकण्यात मला शहाणपण दिसत नाही.

विकायचं नसेल तर जपायला मात्र हवं. टॉर्च लावून काचेत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी, आणि अशी लेन्स बाकीच्यांसोबत ठेवू नका. अॅपर्चरच्या पात्यांवर तेल चकाकत असेल तर ती वेळेवर मिटत नाहीत. १९६०च्या दशकातल्या काही लेन्सेसच्या, उदाहरणार्थ सुपर-टाकुमार ५० एफ/१.४च्या, काचेत थोरियम असतं आणि ती काळाने पिवळी पडते. काही आठवडे अतिनील दिव्याखाली किंवा उन्हात ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. उन्हात ठेवायची तर ती भिंगासारखी आग लावू शकते हे लक्षात ठेवा आणि मागे कागद-कापड काही ठेवू नका.

माझी बॅग आता अशी आहे. वाइड झूम विकली, तिच्या जागी झेडची आली. ३०० एफ/४ एएफ-एस राहिली, आणि एफटीझेड एरवी तिच्या मागेच बसलेला असतो, म्हणजे लेन्स बदलताना दोन ठिकाणी धूळ जायला नको. २८साठी नीट मापाचा अडॅप्टर मिळाला. डोंगर स्पष्ट येतात. ५०च्या डीला आता दुसरा एफटीझेड घ्यायचा की जुनी डीएसएलआर बॉडी तिच्यासाठीच ठेवून द्यायची, हे अजून ठरलेलं नाही. तोवर दर वेळी मी तो ३००वरून काढते आणि तिला लावते.